कोणी गेलेलं नाही ना यावर?

जुना पलंग बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी नखाने लाकूड खरवडतं, मग फळी उचलून सांध्यांत ढेकूण शोधतं, मग किंमत विचारून तोंड वाकडं करतं. हे सगळं मोठ्या आवाजात चालतं. शेवटचा प्रश्न मात्र आवाज उतरवून येतो. "ताई, यावर कोणी गेलेलं वगैरे नाही ना?"

मी मूळची सावंतवाडीची. बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि पुण्यात धायरीला पत्र्याची शेड भाड्याने घेतली. जुन्या बाजारातून, वाडे पाडणाऱ्या ठेकेदारांकडून, आईवडिलांचे फ्लॅट रिकामे करणाऱ्या मुलांकडून फर्निचर घ्यायचं, मिस्त्रींकडून सांधे घट्ट करून घ्यायचे, जुना रंग उतरवायचा आणि वर माझ्या माहेरच्या वळणाची वेलबुट्टी काढायची, असा हा उद्योग. हल्ली याला अपसायकलिंग म्हणतात. मिस्त्री याला 'म्हातारीला नटवणं' म्हणतात आणि मजुरी तेवढीच घेतात.

त्या शेवटच्या प्रश्नाला मी कधी हसत नाही. विचारणारा माणूस बहुधा शिकलेला असतो, त्याला स्वतःलाच तो प्रश्न विचारताना ओशाळल्यासारखं होतं, आणि तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. असा प्रश्न खरा असतो. मेलेल्या माणसाचं त्याच्या वस्तूत काय उरतं? विटाळ उरतो, वासना उरते, की नुसतं आपलं दुःख त्याला चिकटलेलं असतं? मला रोजच्या धंद्यासाठी याचं उत्तर हवं होतं, म्हणून मी वाचायला लागले.

आपल्याकडे माणूस गेला की शय्यादान करायची रीत आहे. पलंग, गादी, उशी, पांघरूण, छत्री, वहाणा, पाण्याचं भांडं. पुढच्या वाटेवर त्याची आबाळ होऊ नये ही कल्पना. आता बहुतेक घरांत ते थोडक्यात, पैसे देऊन उरकतं. खरा पलंग मागे राहतो आणि त्यावर झोपायला कोणी तयार नसतं. मुलगा म्हणतो, जागा अडते. सून काहीच म्हणत नाही. मग मला फोन येतो. फोनवर 'आईचा पलंग आहे' एवढंच सांगतात.

आमचे अण्णा शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांच्या कपाटात पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड होते. त्यातला १९५३ साली निघालेला चौथा खंड म्हणजे पाप, प्रायश्चित्त, अंत्येष्टी, आशौच, शुद्धी आणि श्राद्ध. घरात कोणी आजारी असताना आई तो खंड कपाटाच्या मागच्या रांगेत ढकलायची. मी तो बाहेर काढला तो या पलंगांपायी. त्यावरून मूळ स्मृतींकडे गेले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचं प्रकरण आहे. कोणती वस्तू बाटली तर कशाने शुद्ध होते याची ती यादी. तांब्याला आंबट, काशाला राख आणि पाणी, असं करत करत लाकूड येतं. लाकडाला काय सांगितलं असेल? मंत्र नाही, गोमूत्र नाही. तासायचं. वरचा पापुद्रा काढला की लाकूड शुद्ध.

मला हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या शेडमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे चालतं तेच तिथे लिहिलेलं होतं. शिवाय मनूने आणखी एक अतिशय शहाणं वाक्य टाकून ठेवलं आहे. विटाळलेल्या वस्तूचा वास आणि लेप जोवर जात नाही, तोवर माती आणि पाणी लावत राहायचं, असा त्याचा आशय. म्हणजे शुद्धीची कसोटी नाक आणि बोटं. वास गेला, चिकटपणा गेला, संपलं. पुढे त्याच अध्यायात असंही आहे की कारागिराचा हात नेहमी शुद्ध असतो आणि बाजारात विकायला मांडलेला मालही शुद्ध असतो. एवढं वाचल्यावर जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्या बाईला आणखी काय हवं? मी मिस्त्रींना सांगितलं, "मिस्त्री, शास्त्रात लिहिलंय, तुमचा हात कायम शुद्ध." ते रंधा थांबवून म्हणाले, "मग शुद्ध हाताचे पैसे लोक दोन-दोन महिने लटकवून का ठेवतात, तेवढं बघा त्यात."

ते त्यात नव्हतं. पण मिस्त्रींच्या बोलण्याने मी त्या वाक्याकडे पुन्हा पाहिलं. शास्त्रकारांनी हात शुद्ध ठरवला, कारण हाताने केलेली वस्तू घरात हवी होती. माल शुद्ध ठरवला, कारण बाजार चालायला हवा होता. प्रत्येक सुतार, कुंभार, कोष्टी यांच्या हातून आलेली वस्तू धुऊन घ्यायची म्हटलं तर कोणाचंच घर चाललं नसतं. मग सवलत निघाली. ती निघाली वस्तूंसाठी. त्याच अध्यायात चांडाळाचा स्पर्श झाला तर अंघोळ सांगितली आहे, आणि त्याने स्वतः काय केलं म्हणजे त्याचा स्पर्श चालेल हे कुठेही सांगितलेलं नाही. लाकडाला रंधा आहे, काशाला राख आहे, त्या माणसाला काही नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी प्यायलं, तेव्हा गावच्या सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. पाणीसुद्धा शुद्ध होतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. मी द्रव्यशुद्धीचं प्रकरण आवडीने वाचते आणि हेही मला ठाऊक आहे. ज्या पानावर माझ्या धंद्याला आधार सापडतो त्याच्या अलीकडेपलीकडे काय लिहिलंय ते झाकून आधार घेणं मला जमत नाही. म्हणून मी त्यातून एवढंच उचलते: वास आणि लेप. बाकीचं त्यांचं त्यांना.

आता प्रत्यक्ष पलंग. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून आलेला सागवानी डबल बेड. वर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट, त्याखाली क्रीम, सगळ्यात खाली काळपट झालेलं पॉलिश. रिमूव्हर लावला की रंग फुगतो, सायीसारख्या सुरकुत्या पडतात आणि पट्टीने ओढला की लांब लांब पापुद्रे निघतात. या पलंगाच्या उशाकडच्या फळीवर, डाव्या कडेला, पिस्ता रंगावर टिकल्यांच्या डिंकाचे बारीक गोल डाग होते. रंग उतरवला तर खालच्या क्रीम थरावरही डाग, पण मोठे. फॅशन बदलत गेली तशा टिकल्या लहान होत गेल्या. पॉलिशच्या थरावर एकही डाग नव्हता. त्या काळात बाई कुंकू लावत असणार. झोपताना टिकली काढून उशाशी चिकटवायची आणि सकाळी तीच लावायची ही सवय पॅकेटातल्या टिकलीबरोबर आली. एका बाईची अनेक वर्षं एका फळीवर अशी वाचता येतात, आणि मी ती रिमूव्हर लावून पुसून टाकते. मला त्याचं वाईट वाटत नाही. टिकल्या काढून ठेवण्यासाठीच लावल्या होत्या.

त्याच फळीवर मधोमध दोन काळे पट्टे होते, शेजारी शेजारी, एक दुसऱ्यापेक्षा गडद. उठून बसल्यावर डोकं जिथे टेकतं ती जागा. घर्षणाने रंग झिजला होता, लाकूड उघडं पडलं होतं, आणि उघड्या लाकडाने खोबरेल प्यायलं होतं. मिस्त्रींनी रंधा मारला. काळेपणा फिका झाला, गेला नाही. स्पिरिटने पुसलं, काचपेपर मारला, प्रायमरचा हात दिला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या प्रायमरमधून दोन पिवळट डोकी वर आलेली. मिस्त्री म्हणाले, "डोईचं तेल आहे ताई. ते जात नाही. दाबावं लागतं." मग चपडा काढला. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. झाडाच्या फांदीवर लाखेचे किडे स्वतःभोवती जे घर करतात ते वितळवून गाळून केलेले. स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन हात दिले की खालचं तेल वर येत नाही. वर पुन्हा प्रायमर, मग रंग. पिवळेपणा परत आला नाही.

कोणी विचारलं, की मेलेल्या माणसाचं वस्तूत काय उरतं, तर मला एवढंच सापडलं आहे. तेल. लाकडात अर्धा दोरा खोल गेलेलं खोबरेल तेल. ते उरतं हे खरं आहे, आणि चपड्याने दबतं हेही खरं आहे. मनूच्या कसोटीला ते उतरतं: वास नाही, लेप नाही.

राहिली वासना. गिऱ्हाइकाची खरी भीती विटाळाची नसतेच. जीव अडकला असेल, ही असते. इथे मी आपली सगळी दर्शनं आठवून पाहिली, आणि मला असं एकही सापडलं नाही जे दुसऱ्याची वासना लाकडात ठेवायला तयार आहे. योगवाल्यांचे संस्कार चित्तात असतात. नैयायिकांचे आत्म्यात. जैनांना झाडात जीव दिसतो, पण तोडून वाळलेलं लाकूड त्यांच्याही लेखी अचित्त. एवढे सूक्ष्म वाद घालणाऱ्या लोकांनी पलंगाला स्मृती दिली नाही. ती आपण देतो. जिच्या आईचा पलंग आहे ती मुलगी म्हणाली, की मला तो डोळ्यांसमोर नको, तर ते मी समजू शकते. तिचं दुःख खरं आहे आणि ते तिच्यात आहे. पण धायरीपर्यंत टेम्पोतून आलेल्या लाकडात ते नाही. ज्या परक्या माणसाने त्या आईला कधी पाहिलंच नाही, त्याने तिच्या मरणाला का घाबरावं?

या भीतीचं एक मूळ मात्र शास्त्रात आहे, आणि ते गंमतीचं आहे. खाटेवर मरण येणं हा दोष मानत. माणूस आकाश आणि जमीन यांच्यामध्ये लोंबकळत जाऊ नये, भूमीला टेकून जावा. म्हणून शेवटची घटका आली की त्याला खाली काढत. सारवलेल्या जमिनीवर दर्भ, त्यावर माणूस. कोकणातल्या म्हाताऱ्या बायका अजून 'त्याला खाली घेतलं' असं म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजतो. म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणे चालणाऱ्या घरातल्या पलंगावर सहसा कोणी 'जात' नव्हतंच. आणि आता? आता पुष्कळ लोक हॉस्पिटलात जातात, लोखंडी कॉटवर. ती कॉट पुसून, चादर बदलून तासाभरात दुसऱ्या पेशंटला मिळते, आणि आपण तिच्यावर झोपायचे दिवसाचे हजारो रुपये मोजतो. माझ्याकडे तो शेवटचा प्रश्न विचारणाऱ्या एका गृहस्थांचं नुकतंच बायपास झालं होतं. मी त्यांना विचारलं, "काका, तिथे विचारलं होतंत?" ते मोकळेपणाने हसले, पलंग मात्र घेतला नाही.

याहून गंमत अँटिकवाल्यांची. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जाऊन शिसवी पलंग शोधणारे लोक मी पाहते. तो जितका जुना तितकी किंमत चढी. शंभर वर्षांच्या पलंगावर पहिल्यांदा झोपलेलं माणूस आज मेलेलं आहे, याबद्दल कोणाच्या मनात शंका असायचं कारण नाही. तिथे कोणी आवाज उतरवत नाही. उलट 'हा एका संस्थानिकाचा' असं सांगितलं की पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. मरण ताजं असेल तर विटाळ आणि शिळं झालं की वैभव. सुतकाला दहा दिवसांची मुदत घालणारे आपले पूर्वज यापेक्षा जास्त सुसंगत होते, असं माझं मत आहे.

याच लोकांच्या हौसेखातर हल्ली नव्या रंगाला जुनेपण आणतात. चॉक पेंट लावायचा, कडा काचपेपरने मुद्दाम झिजवायच्या, एखाद्या ठिकाणी मेण चोळून रंगाचे टवके उडवायचे. मी हे काम करत नाही. ज्या पलंगाने टिकल्या आणि तेल पाहिलं त्याचं खरं जुनेपण रिमूव्हरने पुसायचं आणि वर खोट्या झिजेचं नाटक करायचं, हे मला खोटं बोलण्यासारखंच वाटतं. सत्य बोलावं हा नियम जिभेपुरताच कशाला ठेवायचा?

रंगावरून आठवलं. अण्णांकडे शिकायला येणारे एक गृहस्थ शेडवर आले होते. न्यायशास्त्रावर त्यांचं प्रेम. सदाशिव पेठेतला तो पलंग हिरवा झालेला बघून ते म्हणाले, "हा तोच पलंग का?" आणि आम्ही दुपारभर बोलत बसलो. कच्चा घडा आव्यात भाजला की काळ्याचा लाल होतो. तो घडा तोच की दुसरा? वैशेषिक म्हणतात, अग्नीने घडा परमाणूंपर्यंत फुटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळून नवा घडा होतो. हे इतक्या झटपट होतं की आपल्याला कळत नाही. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, घडा आहे तसा राहतो आणि सबंध घड्याचाच रंग बदलतो. हा पिठरपाक. कुंभाराने आव्याच्या भोकातून डोकावलं तर घडा फुटलेला दिसत नाही, हा त्यांचा रोकडा मुद्दा. हेच नैयायिक दुसरीकडे मात्र कडक होतात. वस्त्रातला एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट आणि उरलेल्या धाग्यांचं नवं वस्त्र तयार, असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबाने मिस्त्रींनी पलंगाचा कुजलेला एक पाय बदलला तेव्हाच सदाशिव पेठेतला पलंग संपला. आणि वरचा हिरवा रंग? तो पाकाचा नाही, नुसता चिकटलेला. त्यांच्या मते तो पलंगाचा गुणच नव्हे, रंगाच्या डब्यातल्या द्रव्याचा. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पाय बदलला तो खरा बदल. तुम्ही जे रात्रंदिवस करता, त्याने पलंगाला काहीच झालेलं नाही." मिस्त्रींना हे फार आवडलं.

गीतेचं कोणी तरी सांगतंच. जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो तसा देही शरीर टाकतो. 'मग तुम्ही जुन्याला का कवटाळता?' तो दृष्टान्त देहीचा आहे, वस्त्राचा नाही. वस्त्राचं पुढे काय होतं हे गीता सांगत नाही, कारण तिथे तो प्रश्न नाही. ते आजीला माहीत होतं. लुगडं जुनं झालं की गोधडीत, गोधडी विरली की बाळाची दुपटी, मग पायपुसणं, मग पोतेरं, आणि शेवटी चुलीत. एवढ्या सगळ्या अवस्थांतून गेलेल्या कापडाबद्दल तिला आसक्ती होती असं मला कधी वाटलं नाही. ती ते जपत नव्हती, वापरत होती. माझ्या लेखी अपरिग्रह म्हणजे फेकणं नव्हे. दर तीन वर्षांनी प्लायवूडचं कपाट फेकून नवं आणणारा माणूस अपरिग्रही नाही, तो नुसताच घाईत आहे.

तरी काही लाकूड असं असतं ज्याला पुन्हा रंग देऊ नये, हे मला पुरीने शिकवलं. जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाची. स्नानपौर्णिमेला देवाला स्नान घातलं की तो आजारी पडतो, पंधरा दिवस दर्शन बंद, आणि त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवल्या जातात. दरवर्षी नवा रंग. आमच्यासारखंच. पण अधिक आषाढ आला की नवकलेवर. १९९६ साली झालं, त्यानंतर २०१५ साली. नवं लाकूड शोधून नव्या मूर्ती घडतात, आणि रात्री, डोळे बांधून, हातांना कापड गुंडाळून, दैतापती जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. जुनी मूर्ती देवळाच्या आवारातच कोइली वैकुंठात पुरली जाते. दैतापती तिचं सुतक पाळतात. इतकी वर्षं जे लाकूड दरवर्षी रंगवलं ते शेवटी रंगवायचं थांबवतात आणि मातीला देतात. देवाला जर दोन्ही चालतं, तर माणसाच्या पलंगालाही कधी तरी 'आता पुरे' म्हणायला हवं. वाळवीने आतून पोखरलेलं लाकूड मी रंगवत नाही. हातोडीने ठोकलं की पोकळ वाजतं. बाहेरून दोन वर्षं सुंदर दिसेल, पण ते चितारणं म्हणजे फसवणूक.

शेवटी चित्रांचं. गिऱ्हाइकाला गणपती हवा असतो. कुठे? चपला ठेवायच्या कपाटावर, कारण ते दाराशी असतं. मी नाही म्हणते आणि मग वाद होतो. 'तुमच्या सावंतवाडीच्या गंजिफांवर दशावतार असतात की. लोक ते पत्ते आपटतातच ना?' मुद्दा बरोबर आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पाने. कूर्म, वामन, परशुराम हातात धरून लोक डाव खेळले, पत्ते पिसले, हरले, चिडले. देव खेळात उतरवताना आपल्या लोकांना काही वाटलं नाही, आणि मला त्यात भक्तीच दिसते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यात कारागीर बसवून ही कला मरता मरता वाचवली, म्हणून मी आज ती पलंगावर काढू शकते. पण त्याच गावचा लाखेचा पाट घ्या. पाटावर माणूस बसतो. पाटावर आमच्याकडे वेलबुट्टी असते, फुलं असतात, देव काढत नाहीत. हाताला देव चालतो, पायाखाली चालत नाही, हा भेद कोणत्या ग्रंथात आहे मला ठाऊक नाही, चितारआळीतल्या कुंचल्यांना मात्र तो ठाऊक आहे. मी तोच पाळते. पलंगाच्या उशाला मासा, कासव, कमळ. पायथ्याला फक्त वेल. चपलांच्या कपाटावर एकरंगी हिरवा, आणि हौस फारच असेल तर भौमितिक पट्टी. देव हवाच असेल तर देव्हारा आणा, मी रंगवून देते.

तर त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मला माहीत असेल तर मी खरं सांगते: "हो, यावर एक आजी गेल्या. अंथरुणावर फार दिवस काढले नाहीत, झोपेतच गेल्या." काही लोक तिथूनच वळतात. काही जण सूट मागतात. ढेकणांसाठी मी सूट देते, बदललेल्या पायासाठी देते, उखडलेल्या व्हिनिअरसाठी देते. कोणी गेलं म्हणून देत नाही.

आणि तुमच्या घरात असा पलंग असेल, कोणी झोपायला तयार नसेल, तर एवढं करा. तो गच्चीवर नेऊन ठेवू नका. एका पावसाळ्यात सांधे सुटतात, पाय कुजतात, मग तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. मे महिन्यातच कोणाला तरी देऊन टाका, मला नाही तर दुसऱ्या कोणाला. देताना खिळे आणि स्क्रू एका पुडीत बांधून सोबत द्या. जुन्या मापाचे स्क्रू आता बोहरी आळीतही सहज मिळत नाहीत.